ग्रंथशिफारशीचा इतिहास आणि चित्रकादंबरी

अमुक ग्रंथ वाचावा, तमुक वाचू नये, असे सांगण्याची प्रथा ग्रंथांइतकीच जुनी असली, तरी वाङ्मयेतिहासकार तिच्याकडे सहसा वळत नाहीत. शिफारस करणे हे ग्रंथपालाचे अथवा शिक्षकाचे काम, इतिहासकाराचे नव्हे, असा समज रूढ आहे. तथापि एखादा वाङ्मयप्रकार उपेक्षेतून प्रतिष्ठेला कसा पोचला हे पाहावयाचे असेल, तर शिफारशीच्या आणि निषेधाच्या याद्यांइतके बोलके साधन क्वचितच सापडेल. ज्या प्रकाराला मराठीत अलीकडे ‘चित्रकादंबरी’ किंवा सरळ ‘ग्राफिक कादंबरी’ म्हटले जाते, त्याचा इतिहास तर बव्हंशी अशा याद्यांचाच इतिहास आहे. समकालीन कथात्मक साहित्याच्या वाचनयाद्यांत आता एखाददुसरी चित्रकादंबरी घालण्याची पद्धत पडू लागली आहे. ती निवड बहुधा पारितोषिके पाहून होते. हा प्रकार याद्यांत कोणत्या दाराने शिरला आणि त्या दाराने येताना त्याचे काय मागे राहिले, हे तपासल्याशिवाय भाषेच्या विद्यार्थ्यासाठी योग्य निवड करणे कठीण आहे.

या प्रकाराची पहिली महत्त्वाची शिफारस ग्योटेच्या नावावर आहे, ही गोष्ट मराठी अभ्यासकांत फारशी परिचित नाही. जिनीव्हाचा रोडॉल्फ ट्यॉप्फर (१७९९–१८४६) हा एक वसतिशाळा चालवीत असे आणि फावल्या वेळात रेखाचित्रांच्या ओळी काढून, त्यांखाली दोन दोन वाक्ये लिहून, विनोदी कथा रचीत असे. त्याची हस्तलिखिते फ्रेदेरिक सोरे या वायमारच्या राजकुटुंबातील शिक्षकामार्फत १८३०–३१ च्या हिवाळ्यात वृद्ध ग्योटेच्या हाती पडली. व्यंगचित्रांविषयी एरवी नाखूष असणारा ग्योटे ती पाहून प्रसन्न झाला. एका बैठकीत थोडीच पाने पाहावीत, एरवी कल्पनांचे अजीर्ण होईल, अशा आशयाचे उद्गार एकरमानच्या संभाषणग्रंथात नमूद आहेत. या प्रशस्तीने धीर येऊन ट्यॉप्फरने आपल्या कथा छापल्या. १८३२ साली तो जिनीव्हाच्या अकादमीत वक्तृत्वशास्त्र व ललित वाङ्मय या विषयांचा प्राध्यापकही झाला. म्हणजे या प्रकाराचा आद्य प्रवर्तक वाङ्मयाचा अध्यापक होता. आज त्याला वाङ्मयविभागात प्रवेश देण्याविषयी जी चर्चा चालते, ती ऐकून त्याला बरीच मौज वाटली असती.

१८३७ साली ‘मस्य झाबो’ या आपल्याच पुस्तकावर ट्यॉप्फरने एक निनावी टिपण लिहिले. त्यातील विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने मोलाचा आहे. नुसती चित्रे घेतली तर अर्थ अंधुक राहतो, नुसता मजकूर घेतला तर काहीच अर्थ लागत नाही, आणि दोन्ही मिळून एका प्रकारची कादंबरी होते, असे तो सांगतो. येथे दोन गोष्टी लक्षात घ्यावयाच्या आहेत. ‘कादंबरी’ या पदवीवरचा हक्क १८३७ सालीच सांगितला गेला, ही पहिली. आणि तो विषयाच्या गांभीर्यावर न सांगता शब्द व चित्र यांच्या परस्परावलंबनावर सांगितला गेला, ही दुसरी. पुढील शतकातील शिफारसकर्त्यांना यांपैकी पहिल्या गोष्टीची आठवण वारंवार झाली, दुसरीची मात्र क्वचितच.

फ्रान्स मासेरील या बेल्जियन कलावंताने १९१९ साली जिनीव्हा येथेच १६७ काष्ठखुदाईच्या चित्रांची एक निःशब्द कथा प्रसिद्ध केली. तिच्या १९२६ च्या जर्मन आवृत्तीला थॉमस मान याने प्रस्तावना लिहिली. अमेरिकेत लिंड वॉर्डने १९२९ साली ‘गॉड्स मॅन’ काढले. त्याच्या मुखपृष्ठावर काष्ठचित्रांतील कादंबरी असा स्पष्ट उल्लेख आहे. परंतु या पुस्तकांत शब्दच नाहीत. मानसारख्या लेखकाने त्यांचा पुरस्कार करण्यात एक सोय होती: शुद्ध चित्रकला म्हणून त्यांचा गौरव करता येत होता, आणि शब्द व चित्र यांच्या सरमिसळीचा अवघड प्रश्न टळत होता. ही सरमिसळ ज्या ठिकाणी खरोखर बहरत होती, त्या वृत्तपत्रांतील चित्रमालिका आणि स्वस्त कॉमिक्स, यांची शिफारस करावयास कोणी पुढे आला नाही.

त्यांच्या वाट्याला आली ती निषेधाची यादी. १९५४ हे वर्ष या इतिहासात कळीचे आहे. त्या वर्षी फ्रेडरिक वर्थॅम या मानसोपचारतज्ज्ञाचे ‘सिडक्शन ऑफ द इनोसंट’ प्रसिद्ध झाले. एप्रिल व जून महिन्यांत अमेरिकन सिनेटच्या बालगुन्हेगारीविषयक उपसमितीने साक्षी घेतल्या. आणि ऑक्टोबरमध्ये प्रकाशकांनी स्वतःवर ‘कॉमिक्स कोड’ लादून घेतला. वर्थॅमला संकुचित वृत्तीचा सनातनी ठरवून मोकळे होण्याची चाल नंतरच्या लेखनात पडली आहे. ती अन्यायाची आहे. १९४६ साली न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीयांसाठी अल्पदरात मानसोपचार देणारे लाफार्ग चिकित्सालय त्याने सुरू केले, आणि वर्णभेदी शाळांचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम या विषयावर डेलावेअर राज्यातील ज्या खटल्यात त्याने साक्ष दिली, तो खटला पुढे १९५४ च्याच ऐतिहासिक शाळाविषयक निवाड्यात समाविष्ट झाला. हेतू इतका स्वच्छ असूनही साधने मात्र तशी राहिली नाहीत. त्याची कागदपत्रे २०१० साली अभ्यासकांस खुली झाल्यावर कॅरल टिली यांनी ती तपासली आणि मुलांच्या जबान्या त्याने जोडून, तोडून व रंगवून छापल्याचे २०१२ साली दाखवून दिले.

कोडचा मजकूर भाषेच्या अभ्यासकाने मुळातून वाचण्याजोगा आहे. दुष्टावर सुष्टाचा विजय झालाच पाहिजे, नियतकालिकाच्या नावात भय व थरार सुचविणारे ठराविक इंग्रजी शब्द येता कामा नयेत, असे नियम त्यात अपेक्षेप्रमाणे आहेतच. पण बोलीतील शब्दांचा अतिरेक टाळावा आणि शक्य तेथे शुद्ध व्याकरण वापरावे, असाही एक नियम आहे. नीतीच्या यादीत व्याकरण येऊन बसावे हा योगायोग नव्हे. प्रमाणभाषेबाहेरचा आवाज छापील चौकटीत दिसू लागला की व्यवस्था अस्वस्थ होते, हे मराठीतील दलित आत्मकथनांच्या स्वागताचा इतिहास जाणणाऱ्यास वेगळे सांगावयास नको.

कोडच्या अंमलबजावणीचा एकच दाखला पुरे आहे. ‘ईसी’ या प्रकाशनसंस्थेने १९५३ साली ‘जजमेंट डे’ नावाची कथा छापली होती. पृथ्वीवरचा एक निरीक्षक यंत्रमानवांच्या ग्रहावर जातो. तेथे नारिंगी व निळे यंत्रमानव केवळ रंगावरून वेगळ्या वस्त्यांत राहतात. म्हणून तो त्या ग्रहाला आकाशगंगेच्या संघात घेण्याचे नाकारतो. शेवटच्या चौकटीत तो शिरस्त्राण काढतो, आणि तो कृष्णवर्णीय असल्याचे वाचकास प्रथमच कळते. १९५६ साली ही कथा पुन्हा छापावयाची ठरली तेव्हा कोडच्या प्रशासकाने त्या शेवटच्या चौकटीला हरकत घेतली. प्रकाशक विल्यम गेन्स याने ती तशीच छापली, आणि त्या अंकाबरोबर त्याचा कॉमिक्सचा व्यवसाय संपला. वर्णभेदाविरुद्ध साक्ष देणाऱ्या डॉक्टरने उभी केलेली चळवळ दोन वर्षांतच एका कृष्णवर्णीयाचा चेहरा पुसावयास निघाली होती. शिवाय ही कथा चित्राशिवाय सांगताच येत नाही. ‘तो कृष्णवर्णीय होता’ असे वाक्य शेवटी लिहिले तर तो निवेदकाचा डाव वाटतो. चित्रात मात्र तो चेहरा सारा वेळ शिरस्त्राणाआड तेथेच असतो.

भारतात याचे पडसाद उमटले ते कायद्यात. १९५६ साली संसदेने तरुण व्यक्तींसाठी हानिकारक असणाऱ्या प्रकाशनांविषयी एक अधिनियम केला. चित्रांच्या साहाय्याने, चित्रांविना, किंवा सर्वस्वी चित्रांतून सांगितलेल्या कथा असा त्रिविध प्रकार त्याच्या व्याख्येत केलेला आहे. वाङ्मयसमीक्षेने ज्या भेदाची दखल घेतली नव्हती तो विधिज्ञांनी नेटकेपणाने टिपला, हे मान्य केले पाहिजे. ‘तरुण व्यक्ती’ म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती, अशी त्यात मर्यादा होती. पदव्युत्तर वर्गाचा विद्यार्थी ती नुकतीच ओलांडून आलेला असतो.

निषिद्ध यादीतून शिफारशीच्या यादीत येण्यासाठी या प्रकाराला नवे नाव घ्यावे लागले. ‘ग्राफिक नॉव्हेल’ हा शब्दप्रयोग रिचर्ड काइल याने नोव्हेंबर १९६४ मध्ये हौशी लेखकांच्या एका वार्तापत्रात केला. तो लोकांच्या तोंडी बसला तो विल आइस्नरच्या ‘अ काँट्रॅक्ट विथ गॉड’ या १९७८ सालच्या पुस्तकामुळे. त्याच्या कागदी बांधणीच्या आवृत्तीवर हे बिरुद छापले होते. वस्तुतः ते पुस्तक कादंबरी नाहीच. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील एका भाड्याच्या इमारतीत घडणाऱ्या त्या चार कथा आहेत. परंतु नाव चिकटले आणि त्याने आपले काम केले: पुस्तकाच्या दुकानात जागा मिळवून देणे. पुढे या क्षेत्रातील अनेक नामवंतांना, त्यांत आर्ट स्पीगलमन व मार्जान सात्रापी हेही आले, हे बिरुद रुचले नाही. साध्या ‘कॉमिक्स’ शब्दाची लाज का बाळगावी, असा त्यांचा सवाल होता.

नावामुळे असा घोटाळा होणे मराठी वाचकास नवे नाही. बाणभट्टाच्या एका नायिकेचे नाव एका ग्रंथाला मिळाले, ग्रंथाचे नाव मराठीत अख्ख्या वाङ्मयप्रकाराला मिळाले, आणि बाबा पदमनजींच्या १८५७ च्या ‘यमुनापर्यटन’पासून आजपर्यंत त्या नावाखाली जे लिहिले गेले, त्याचा गंधर्वकन्येशी काडीचा संबंध उरला नाही. ‘चित्रकादंबरी’ या शब्दालाही त्याच नियमाने अर्थ येईल. मात्र त्यातील ‘चित्र’ या पूर्वपदाने चित्र ही कादंबरीला बाहेरून चिकटविलेली वस्तू आहे असा जो भास होतो, तो भारतीय शब्दसृष्टीशी विसंगत आहे. संस्कृतात ‘लिख्’ धातू ओरखडणे, रेखाटणे आणि लिहिणे या तिन्ही अर्थांनी येतो. ‘आलेख्य’ म्हणजे चित्र. ग्रीक भाषेतील ज्या धातूपासून ‘ग्राफिक’ निघाला त्याचीही हीच गत आहे. लेखन आणि रेखन यांची फारकत धातूंत नाही. ती मुद्रणाने आणि ग्रंथालयांच्या कपाटांनी केली.

स्पीगलमनच्या ‘माउस’ने या फारकतीची कसोटी पाहिली. १९७२ साली तीन पानांची कथा म्हणून तिचा आरंभ झाला. १९८० पासून ‘रॉ’ या नियतकालिकात ती क्रमशः आली. १९८६ व १९९१ साली दोन खंड निघाले. नात्झी छळछावणीतून वाचलेल्या पित्याची हकीकत पुत्र लिहून घेतो. त्यात ज्यू उंदीर आहेत, जर्मन मांजरे. दुसरा खंड न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत डिसेंबर १९९१ मध्ये आला तो ‘कल्पित’ या सदराखाली. लेखकाने पत्र लिहून निषेध केला: आपल्या पित्याने भोगलेले कल्पित कसे? संपादकांनी पुस्तक अकल्पितात हलविले. या प्रसंगी एका संपादकाने, लेखकाच्या दारावरची घंटा वाजवून पाहावी, भल्यामोठ्या उंदराने दार उघडले तर पुस्तक अकल्पितात घालावे, असा विनोद केल्याचे सांगतात. विनोद चांगला आहे, पण त्यामागील गृहीत तपासण्याजोगे आहे: चित्र रूपक असले की हकीकत असत्य, असे ते गृहीत आहे. गद्यातील रूपकाविषयी असे कोणी म्हणत नाही. १९९२ साली पुलित्झर मंडळाने त्याला ‘विशेष’ पारितोषिक दिले, म्हणजे कोणत्याही एका वर्गात बसविण्याचे टाळले.

‘माउस’ची सर्वांत लक्षणीय गोष्ट उंदीर ही नसून पित्याचे इंग्रजी ही आहे. न्यूयॉर्कमध्ये पुत्राशी बोलताना व्लादेक जे इंग्रजी बोलतो, त्याची वाक्यरचना पोलिश-यिडिश वळणाची, मोडकी आहे. तोच व्लादेक भूतकाळाच्या चौकटींत, म्हणजे ज्या प्रसंगी तो प्रत्यक्षात पोलिश किंवा यिडिश बोलत असणार त्या प्रसंगी, अस्खलित इंग्रजीत बोलतो. परक्या भाषेत अडखळणारा म्हातारा स्वभाषेत किती सहज होता, हे एकाही वाक्यात न सांगता वाचकाच्या कानी पडते. एकाच पानावर दोन काळ शेजारी असल्यामुळे हा फरक डोळ्यांसमोर राहतो. पारितोषिकांच्या गडबडीत या पुस्तकाविषयी जे पुष्कळ लिहिले गेले, त्यात विषयाची थोरवी जितकी आली तितकी ही गोष्ट आली नाही.

त्यानंतरच्या याद्या झरझर सांगता येतील. ख्रिस वेअरच्या ‘जिमी कॉरिगन’ला २००१ चे गार्डियनचे पहिल्या पुस्तकाचे पारितोषिक मिळाले. २००५ साली टाइम साप्ताहिकाने १९२३ नंतरच्या शंभर इंग्रजी कादंबऱ्या निवडल्या त्यांत ‘वॉचमेन’ होती. जीन लुएन यांगची ‘अमेरिकन बॉर्न चायनीज’ २००६ साली अमेरिकेच्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत आली, आणि २०१८ साली निक डर्नासोची ‘सब्रीना’ मॅन बुकरच्या पहिल्या यादीत. न्यूयॉर्क टाइम्सने अशा पुस्तकांसाठी २००९ साली वेगळी यादी उघडली, २०१७ साली बंद केली, २०१९ साली पुन्हा उघडली. निषेधाची यादी या काळात मिटली होती असे मात्र नाही. सात्रापीच्या ‘पर्सेपोलिस’ची पुस्तके २०१३ साली शिकागोच्या शाळांतील सातवीच्या वर्गांतून काढण्याचा आदेश निघाला, आणि जानेवारी २०२२ मध्ये टेनेसी राज्यातील मॅकमिन परगण्याच्या शाळामंडळाने आठवीच्या अभ्यासक्रमातून ‘माउस’ काढून टाकले. कारण दिले ते आठ अपशब्द आणि एक नग्न आकृती. छळछावणीच्या इतिहासात आक्षेपार्ह सापडले ते शब्द. १९५४ च्या व्याकरणाच्या नियमाशी या निर्णयाचे नाते सरळ आहे.

भारतीय चित्रकादंबरीची गणना सामान्यतः ओरिजित सेन यांच्या ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’पासून करतात. १९९४ साली ‘कल्पवृक्ष’ या पर्यावरणवादी संस्थेने ती प्रसिद्ध केली. नर्मदेवरील धरणाचा आणि बुडणाऱ्या आदिवासी गावांचा हा विषय महाराष्ट्राच्या सीमेबाहेरचा नाही. सातपुड्यातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील गावे त्याच पाण्याखाली गेली. या पुस्तकात दिल्लीच्या वार्ताहराची हकीकत आणि मालगू गायन या पौराणिक गायकाची सृष्टिकथा एकमेकींत विणलेल्या असून, दोहोंची रेषाही भिन्न ठेवलेली आहे. पुस्तक कित्येक वर्षे दुर्मीळ होते. २०२२ साली ते पुन्हा छापले गेले. सारनाथ बॅनर्जींचे ‘कॉरिडॉर’ (२००४), अमृता पाटील यांचे ‘कारी’ (२००८), विश्वज्योती घोष यांचे आणीबाणीवरील ‘दिल्ली काम’ (२०१०), मलिक सजाद यांचे काश्मीरवरील ‘मुन्नू’ (२०१५) ही पुढची महत्त्वाची नावे. ही सर्व इंग्रजीत आहेत, ही या परंपरेची मोठी मर्यादा.

महाराष्ट्राशी ज्यांचा रक्ताचा संबंध आहे अशी दोन पुस्तके २०११ साली ‘नवयान’ने प्रसिद्ध केली. पहिले ‘भीमायन’. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मनिवेदनावर ते आधारलेले आहे. मजकूर श्रीविद्या नटराजन व एस. आनंद यांचा, चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची. साताऱ्याहून वडिलांच्या भेटीस गोरेगावी निघालेली मुले १९०१ साली मसूर स्थानकावर उतरतात, जात कळताच गाडीवान मिळेनासा होतो, दुप्पट भाडे देऊन मुलांनाच गाडी हाकावी लागते, पाणी मिळत नाही, हा प्रसंग मराठी वाचकास परिचित आहे. तो येथे चौकटींत येत नाही. पात्रांना पेटीत कोंडावयाचे नाही, असे व्याम दांपत्याने प्रथमच ठरविले होते. त्यामुळे पाने डिग्ना या गोंडी भिंतचित्रातील नक्षीने मोकळी विभागली आहेत. ज्या पुस्तकाचा विषयच वेगळे बसविणे हा आहे, त्यात चौकट मोडणे हा अर्थाचा भाग होतो.

भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने याहून बारकाईने पाहावे ते या पुस्तकातील संवादफुगे. सौम्य किंवा पीडित माणसाचे बोलणे पक्ष्याच्या आकारात येते. ज्याच्या शब्दाला नांगी आहे त्याच्या फुग्याला विंचवाची शेपटी असते. मनातल्या विचाराच्या फुग्यात एक डोळा काढलेला असतो. उक्तीचा शब्दार्थ एक आणि तिने केलेली कृती दुसरी, हा भेद जे. एल. ऑस्टिनच्या व्याख्यानांपासून भाषाशास्त्रात स्थिरावला आहे. लिपीला तो दाखविता येत नाही. ‘तू कोण?’ हे दोन शब्द आपुलकीने विचारले की जात काढण्यासाठी, हे देवनागरीत सारखेच दिसते. व्यामांच्या पानावर ते सारखे दिसत नाही. हा शोध वाङ्मयीन सिद्धांत वाचून लागलेला नाही. गोंडी चित्रपरंपरेतील पशुपक्ष्यांना तो आयता हाताशी होता.

दुसरे पुस्तक ‘अ गार्डनर इन द वेस्टलँड’. श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनान यांनी जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’वरून केलेले. मूळ ग्रंथ जोतीराव व धोंडीबा यांच्या संवादाच्या रूपात आहे. त्यामुळे संवादफुगा येथे उपरा वाटत नाही. ‘भीमायन’च्या मानाने याची चित्रे सामान्य आहेत, परंतु मूळ मराठी संहिता शेजारी ठेवून वाचल्यास प्रश्नोत्तरांची कोणती लय टिकली आणि कोणती इंग्रजीत हरवली याचा अभ्यास उत्तम होईल.

या प्रसंगी चित्रकथीचे नाव हटकून निघते. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर समाजाची चित्रकथी किंवा पैठणी शैलीच्या पोथ्या हीच आपली प्राचीन चित्रकादंबरी, असे म्हणण्याचा मोह सुखद आहे, परंतु तो आवरावयास हवा. चित्रकथीत एका वेळी एकच चित्र श्रोत्यांपुढे धरले जाते आणि कथा निवेदकाच्या कंठात असते. चित्रकादंबरीच्या पानावर अनेक क्षण एकाच वेळी उघडे असतात. दोन चौकटींमधील रिकाम्या फटीत काय घडले हे वाचकाने स्वतः भरावयाचे असते, आणि मागेपुढे पाहण्याची मुभा त्यालाच असते. चित्रकथीचे मोल याने कमी होत नाही. तिचे शास्त्र निराळे आहे, इतकेच.

या सर्व इतिहासावरून पदव्युत्तर वर्गासाठी निवड करावयाची झाल्यास चित्रकादंबऱ्यांची वेगळी यादी करणे इष्ट नाही. वेगळी यादी म्हणजे वेगळी पंगत. समकालीन गद्यकथांच्या शेजारी, एखाद्या समान प्रश्नाच्या आधाराने, त्या वाचाव्यात. ‘माउस’बरोबर डब्ल्यू. जी. झेबाल्टची ‘ऑस्टरलिट्झ’ (२००१) वाचावी: विषय जवळचा, परंतु तेथे मथळ्याविना छापलेली छायाचित्रे आणि ‘अमका म्हणाला, असे तमका म्हणाला’ अशी एकात एक गुंतलेली उक्ती हकीकतीचा भरवसा सतत हलवीत राहते. आइस्नरच्या ब्राँक्समधील इमारतीशेजारी जयंत पवारांचा ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ हा २०१२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेला कथासंग्रह ठेवावा. गिरणगावातील माणसाला जागेची चणचण वाक्याच्या ठेवणीतून कशी जाणविते आणि आइस्नर ती जिन्याच्या कठड्यांतून व पावसाच्या रेघांतून कशी दाखवितो, याची तुलना दोघांनाही न्याय देईल.

‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ला जोड कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ची, जिला २०२३ चा अकादमी पुरस्कार मिळाला. धरणाने उठविलेला माणूस मागे सोडलेल्या जनावरांच्या शोधात परत जातो. सेन यांच्यापाशी आदिवासींचे गाणे आहे पण बोली नाही, कारण पुस्तक इंग्रजीत आहे; खोतांपाशी बोली ओतप्रोत आहे. विस्थापितांविषयी सांगताना विस्थापितांची भाषा वाटेत कोठे गळते, हा प्रश्न या जोडीने जितका धारदार होतो तितका एकेकट्या पुस्तकाने होत नाही. ‘सब्रीना’मध्ये एका बेपत्ता स्त्रीच्या हत्येची वार्ता अफवांच्या यंत्रात सापडते, पात्रांचे चेहरे जवळजवळ निर्विकार, रेषा सपाट. तिच्याबरोबर नंदा खरे यांची ‘उद्या’ वाचावी. २०२० चा अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो नाकारला. पाळत, बाजार आणि भाषेचा होणारा ऱ्हास यांचे तिच्यातील चित्र ‘सब्रीना’तील शांततेहून गोंगाटाचे आहे, म्हणूनच दोन्ही एकत्र हव्यात. ‘वॉचमेन’ विषयी थोडी सावधगिरी असावी: तिची नऊ चौकटींची काटेकोर रचना अभ्यसनीय आहे, पण अमेरिकन अतिमानवी नायकांच्या कथा ज्याने वाचल्या नाहीत त्याला तिचा निम्मा उपरोध कळणार नाही.

गीतांजली श्री यांच्या ‘रेत समाधि’ला (२०१८) चित्रजोड शोधण्याची गरज नाही. ती यादीत असावी ती मुळातून, हिंदीत. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय बुकरनंतर मराठी विद्यार्थी शेजारच्या भाषेतील कादंबरी इंग्रजी अनुवादातून वाचू लागले आहेत, हे विभागांनी थांबवावयास हवे. शब्दांच्या ध्वनींवर चालणारे ते गद्य मराठी कानाला थेट पोचते.

राहता राहिली कपाटाची अडचण. ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६ आहे आणि कॉमिक्सचा ७४१.५, म्हणजे रेखाटनकलेच्या पोटात. ‘माउस’ कोठे ७४१.५ येथे सापडते, कोठे ९४०.५३ येथे, दुसऱ्या महायुद्धाच्या इतिहासात. ‘रिंगाण’ आणि ‘रिव्हर ऑफ स्टोरीज’ एकत्र वाचावयास सांगितल्यास विद्यार्थ्याला दोन दूरच्या कपाटांकडे जावे लागेल. आणि त्यांपैकी एक चित्रकलेचे असल्याने भाषाविभागाच्या विद्यार्थ्याला ते बहुधा प्रथम कोणी तरी दाखवून द्यावे लागेल.